शर्टावरचं नाव



आज आम्ही बोलणार आहोत कपड्यावर चिकटवलेल्या नावाबद्दल. विषय बोटभर पट्टीचा आहे, पण त्यामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. आणि त्या पट्टीपायी एका पोराने शाळा सोडायची वेळ आली होती. म्हणून आधी ते सांगतो.

जूनच्या तोंडावर आमच्या गटाकडे शहरातून शाळेच्या वापरलेल्या गणवेशांची दोन पोती आली. कपडे चांगले होते. कुठे बटण गेलेलं, कुठे हूक तुटलेला, कुठे शिवण उसवलेली. ही कामं आपल्या हातची. दोन दिवसांत सगळं नीट केलं, धुतलं, इस्त्री केली आणि गरजू घरांत वाटलं. काही शर्टांच्या कॉलरच्या आत एक पांढरी पट्टी होती. त्यावर पहिल्या मुलाचं नाव, इयत्ता, तुकडी. ती शिवलेली नव्हती, गरम इस्त्रीने चिकटवलेली होती. आम्ही ओढून पाहिली, निघाली नाही. म्हटलं, असू दे, आतल्या बाजूला आहे, कोण बघतंय?

आठ दिवसांनी एक आई शर्ट घेऊन आली. खेळाच्या तासाला मुलाने शर्ट काढून ठेवला होता. कुणीतरी कॉलर उलटी करून नाव वाचलं. तेव्हापासून अख्खा वर्ग त्याला त्याच परक्या नावाने हाक मारत होता. पोरगं म्हणे, मी शाळेत जाणार नाही. ती माउली आम्हाला म्हणाली, "बायांनो, शर्ट दिलात, उपकार झाले. पण तेवढं नाव काढून द्या."

त्या संध्याकाळी आम्ही इस्त्री घेऊन बसलो. पहिला शर्ट आम्ही जाळला, ते पुढे सांगूच. पण बसल्या बसल्या एक प्रश्न निघाला. कापडावर नाव घालायची रीत आली कुठून? आणि घातलेलं नाव काढायचं काम कुणाच्या वाट्याला आलं? आमच्यातल्या ज्या वाचतात त्यांनी वाचून सांगितलं, म्हाताऱ्यांनी आठवून सांगितलं. ते सगळं आज तुमच्यापुढे मांडतो.

सुरुवात बिब्ब्यापासून करू. बिब्बा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. दृष्ट लागू नये म्हणून दारावर लिंबू-मिरचीबरोबर टांगतात. कुणी चांगल्या कामात मोडता घातला तर आपण म्हणतो, हिने बिब्बा घातला. त्या बिब्ब्याला इंग्रजीत मार्किंग नट म्हणतात, म्हणजे खूण करायचं फळ. का? तर परीट त्याने कपड्यांवर खुणा करायचे. फळाच्या सालीत चिकट, काळपट रस असतो. सुईच्या टोकाने तो कापडावर लावायचा आणि वरून चुना लावायचा. डाग काळाभोर होतो. मग साबण लावा, भट्टीत उकळा, दगडावर आपटा, तो जात नाही.

परटाला अशी पक्की खूण लागायचीच. वीस घरचे कपडे एका भट्टीत पडले की पांढरं धोतर आणि पांढरं धोतर सारखंच. म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली. कुणाचे दोन ठिपके, कुणाची एक आडवी रेघ आणि एक ठिपका, कुणाची फुली. शाळेचं तोंड न पाहिलेल्या परटिणीला या खुणा तोंडपाठ. कुठला कपडा कुठल्या वाड्यातला, हे ती काठ उलटून सांगायची. आम्ही म्हणतो, ही तिची लिपीच होती. पुढे पोलिसांनीही या खुणांचा उपयोग केला. बेवारस प्रेत सापडलं की कपड्यावरची परटाची खूण शोधायची आणि त्यावरून माणसाचा पत्ता काढायचा.

पण बिब्बा अंगाला उततो, हे आपल्याला ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे सैनिक भारतात आले होते. त्यांच्या अंगावर विचित्र ठिकाणी पुरळ उठायला लागलं. कॉलरची खूण जिथे मानेला लागायची, नेमकं तिथेच. १९४३ साली त्यांच्या डॉक्टरांनी त्याचं कारण लिहून ठेवलं: परटाने केलेली बिब्ब्याची खूण. सैनिकांच्या मानेवरच्या पुरळाची नोंद वैद्यकाच्या मासिकात झाली. बिब्बा फोडणाऱ्या बाईच्या हाताची अशी नोंद कुणी केली? विदर्भात आजही बाया दगडावर बिब्बे फोडून गोडंबी काढतात. रस उडतो, बोटं भाजतात, काळी पडतात. ती गोडंबी आपण डिंकाच्या लाडवात घालतो. त्या लाडवावर तिचं नाव नसतं.

बिब्ब्याची खूण कपड्याच्या मालकाची. आता विकणाऱ्याच्या खुणेकडे येऊ.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या मँचेस्टरहून गिरणीचं कापड भरभरून हिंदुस्थानात यायला लागलं. प्रत्येक ताग्यावर कागदाचं एक रंगीत चित्र डकवलेलं असायचं. त्याला तिकीट म्हणत, छाप म्हणत. त्यावर देवदेवता, राजेराण्या, हत्ती, वाघ. गिऱ्हाइकाला वाचता येत नसलं तरी चित्र ओळखता यायचं. हत्ती छाप द्या, म्हटलं की झालं. चित्रं इतकी सुरेख की लोकांनी ती जपली, आणि आज ती संग्रहालयांत पाहायला मिळतात. कापड विणलं इंग्लंडातल्या मजुरांनी, चित्र काढलं तिथल्याच कुणी छापखान्यातल्या कारागिराने, आणि त्यावर बसली आपली लक्ष्मी! ओळखीचं तोंड दाखवून परका माल घरात आला. लेबलाची ताकद ही अशी असते.

आपल्याकडेही गिरण्या निघाल्या. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत कापसाच्या पहिल्या गिरणीची कंपनी उभी केली आणि १८५६ साली ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. मग मुंबईच्या गिरण्यांनीही आपापले छाप काढले. या गिरण्यांत बायकाही कामाला होत्या. सूत गुंडाळायच्या खात्यांत, वाइंडिंग आणि रीळिंगमध्ये, पुष्कळशा बायकाच. कोकणातून, घाटावरून गेलेल्या. ताग्यावर नाव असायचं गिरणीचं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि ते छापही गेले. आज आपल्यातल्या कुणाच्या आजीला एखाद्या गिरणीच्या लुगड्याचं नाव आठवत असेल. पण ते सूत कुणी गुंडाळलं, ते कुणाला सांगता येईल?

सगळेच शिक्के वाईट, असं मात्र समजू नका. १८८९ साली इंग्रज सरकारने मर्चंडाइज मार्क्स कायदा केला. ताग्यात कापड किती वार आहे, तो आकडा कापडावर छापायचा, असा त्यात नियम होता. कारण मापात फसवणूक व्हायची. नऊवारी नेसणारीला विचारा, अर्धा वार कमी पडला तर काय होतं! शिक्का खरा असेल तर तो गिऱ्हाइकाच्या बाजूने साक्ष देतो. आजही साडीवरचं हातमागाचं किंवा रेशमाचं चिन्ह आपण त्याचसाठी बघतो.

पण शिक्का खरा कशावरून? हा प्रश्न स्वदेशीच्या चळवळीत फार मोठा झाला. १९०५ साली पुण्यात विद्यार्थ्यांनी परदेशी कपड्यांची होळी केली. ३१ जुलै १९२१ ला मुंबईत परळला गांधीजींच्या उपस्थितीत परदेशी कापडाचा मोठा ढीग पेटवला गेला. आणि १२ डिसेंबर १९३० ला बाबू गेनू गेले. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा हा मुलगा, मुंबईत गिरणीत मजूर. काळबादेवीच्या रस्त्यावर परदेशी कापडाने भरलेला ट्रक अडवायला तो उभा राहिला आणि त्या ट्रकखाली गेला. बावीसेक वर्षांचं वय.

कापड कुठून आलं, यासाठी माणूस जीव देतो, तेव्हा कापडावरच्या छापाला किती मोल येत असेल, विचार करा. आणि जिथे मोल, तिथे लबाडी. कागद भिजवला की निघतो, दुसरा डकवता येतो. गिरणीचं जाडंभरडं कापड खादी म्हणून विकतात, अशा तक्रारी त्या काळात होत्या. १९२५ साली अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला. पुढे खरी खादी विकणाऱ्या दुकानांना तो प्रमाणपत्र देऊ लागला. म्हणजे नुसत्या छापावर भागेना, छापाची हमी घेणारा माणूस लागला.

आता येऊ आपल्या इस्त्रीच्या पट्टीकडे.

मुलं घर सोडून वसतिगृहात राहायला लागली, कपडे सगळ्यांचे एकत्र धुतले जाऊ लागले, तेव्हा परटाचाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. हा मोजा कुणाचा? इंग्लंडातल्या वसतिगृहांच्या शाळांनी नियम केला की प्रत्येक कपड्यावर नाव हवं. मग नाव विणलेल्या फिती निघाल्या. कॉव्हेंट्री गावची कॅश कंपनी त्यासाठी प्रसिद्ध झाली. पण फीत शिवायची कुणी? आईने. शाळा सुरू व्हायच्या आधी रात्र रात्र बसून, मोज्यापासून रुमालापर्यंत.

पुढे उष्णतेने वितळणारे नव्या तऱ्हेचे गोंद आले. असा गोंद गार असताना कोरडा आणि कडक असतो. इस्त्रीची ऊब लागली की मऊ होतो, कापडाच्या धाग्यांमध्ये शिरतो आणि गार झाला की तिथेच घट्ट बसतो. आपण ब्लाउजच्या गळ्याला पेस्टिंग लावतो ना, ते याच तत्त्वावर. नावाची पट्टीही तशीच. सुई नको, दोरा नको, पंधरा सेकंदांत काम. एका आईच्या रात्री वाचल्या, ही चांगलीच गोष्ट. पण शिवलेली पट्टी दुसरी आई चार टाके उसवून काढत होती. चिकटवलेली पट्टी तशी निघत नाही. पहिलीची सोय झाली आणि दुसरीचं काम वाढलं. ही दुसरी बाई लेबल बनवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नव्हतीच.

जुने कपडे तर हातोहात फिरणारच. आपल्याकडे बोहारीण दारात यायची, जुन्या साड्या घेऊन भांडं द्यायची. ते कपडे धुऊन, सांधून पुन्हा बाजारात जायचे. तीच गोष्ट आता जगभर मोठ्या प्रमाणात चालते. हरियाणातल्या पानिपत शहरात युरोप-अमेरिकेतून जुने कपडे जहाजांनी, मग ट्रकांनी येतात. तसेच्या तसे विकले जाऊ नयेत म्हणून त्यांना आधीच चिरा पाडलेल्या असतात. कारखान्यात बाया जमिनीवर बसून ते फाडतात. बटणं काढतात, चेनी काढतात, लेबलं काढतात. मग रंगाप्रमाणे ढीग लावतात. त्या चिंध्या यंत्रात पिंजून पुन्हा धागा निघतो आणि त्याची स्वस्त ब्लँकेटं होतात. पूर-भूकंपात वाटली जाणारी ब्लँकेटं पुष्कळदा अशीच असतात. ही युक्ती जुनी आहे. १८१३ साली इंग्लंडात यॉर्कशायरच्या बॅटली गावी बेंजामिन लॉ याने चिंध्यांपासून लोकरीचा धागा काढला. तिथेही चिंध्या निवडायला बायकाच होत्या.

पानिपतच्या या बायांवर २०१२ साली ‘अनरॅव्हल’ नावाचा एक छोटा माहितीपट निघाला. त्यात त्या बाया कपड्यांकडे बघून तर्क करतात, की परदेशातल्या बाया इतके चांगले कपडे का टाकत असतील? लेबलावरचं नाव त्यांना वाचता येत नाही. पण लेबल काढणारा हात त्यांचाच.

आता आमचा अनुभव सांगतो, म्हणजे तुमचे कपडे जळणार नाहीत.

आम्ही पहिल्या शर्टावर इस्त्री पूर्ण तापवून थेट टेकवली. कापड टेरीकॉट होतं. पट्टी राहिली जागेवर आणि कॉलर आखडून चकाकायला लागली. म्हणून पहिली गोष्ट, कापड ओळखा. सुती असेल तर थोडी जास्त ऊब चालते. टेरीकॉट, पॉलिस्टर, नायलॉन असेल तर इस्त्री मध्यमच्या खाली ठेवा. कोळशाची इस्त्री या कामाला नको, तिची ऊब हातात राहत नाही.

दुसरी गोष्ट, पट्टीवर पातळ सुती फडकं ठेवून दहा-पंधरा सेकंद इस्त्री दाबा. इस्त्री उचलली की लगेच चिमट्याने पट्टीचं एक टोक उचला आणि हळूहळू सोलत जा. झटका मारू नका, धागा निघतो. मध्येच अडलं तर गोंद गार झाला असं समजा, पुन्हा ऊब द्या. बोटांनी ओढू नका, गरम गोंद चटका देतो.

तिसरी गोष्ट, उरलेला गोंद. त्यावर कोरा कागद ठेवून इस्त्री फिरवा, गोंद कागदाला लागून येतो. दरवेळी कागद बदला. वर्तमानपत्र घेऊ नका, शाई उतरते. तरी चिकट राहिलं तर निलगिरीच्या तेलाचे दोन थेंब कापसावर घेऊन चोळा, मग साबणाने धुवा. नेलपॉलिश काढायचं पाणी आधी शिवणीच्या आत लावून पाहा. काही चकचकीत अस्तरं त्याने विरघळतात. आणि रॉकेल, पेट्रोल, थिनर गरम इस्त्रीजवळ आणायचंच नाही. शर्टापायी घर पेटायला नको. तेल किंवा नेलपॉलिशचं पाणी लावलेला कपडा धुऊन वाळेपर्यंत त्यावर इस्त्री फिरवू नका.

चौथी गोष्ट, पट्टी निघाल्यावर तिथे गडद चौकोन दिसतो. तो डाग नाही. बाकीचं कापड उन्हाने, धुण्याने विटलं, पट्टीखालचं विटलं नाही, एवढंच. ते घासून जात नाही. आम्ही त्यावर त्याच रंगाच्या कापडाचा तुकडा लावतो.

हे सगळं शिकलो, आणि मग गटात वाद झाला. पुढच्या पोत्यात काही टी-शर्ट होते, त्यांच्या छातीवर देणाऱ्यांचं नाव मोठ्या अक्षरांत चिकटवलेलं. एक काकू म्हणाल्या, "त्यांनी दिलंय, त्यांचं नाव राहू द्या. काढणं म्हणजे उपकार विसरणं." दुसरी म्हणाली, "पण ते नाव पोराच्या छातीवर कशाला? याला फुकट मिळालंय, हे त्याने रोज सगळ्यांना दाखवत फिरायचं का?" बराच वेळ बोलणं झालं. शेवटी असं ठरलं, की देणाऱ्याचं नाव आमच्या गटाच्या वहीत लिहायचं, बैठकीत वाचायचं, त्यांना आभाराचं पत्र पाठवायचं. पोराच्या अंगावर ते नको. काकूंनीही हात वर केला. आभार मानायचं काम मोठ्यांचं आहे, पोराचं काम शाळेत जायचं.

आणखी एक ठरवलं. आम्ही स्वतः गणवेश शिवतो, त्यात मुलाच्या नावासाठी सुती फितीचा तुकडा लावतो. तो कॉलरमध्ये नाही, तर आतल्या शिवणीजवळ, आणि चारच कच्च्या टाक्यांनी. कारण हा शर्ट पुढे धाकट्या भावाकडे जाणार, मग शेजारच्या पोराकडे, मग आणखी कुठे. पुढच्या बाईला तो टाका उसवता आला पाहिजे. त्या परटिणीने खूण केली ती कपडा ज्याचा त्याला परत मिळावा म्हणून. आपणही नाव घालू ते त्याचसाठी.

तो मुलगा आता शाळेत जातो. त्याच्या आईने नवी फीत मागून नेली आणि नाव स्वतःच्या हाताने लिहिलं. ती साक्षरता वर्गात अक्षरं शिकली, तेव्हापासून कापडावर लिहिलेलं हे तिचं पहिलं नाव. अक्षर जरा वाकडं आहे, पण लांबून वाचता येतं.

तुमच्याकडे परटाच्या खुणेचं एखादं जुनं पातळ असेल, गिरणीच्या छापाचा कागद पेटीच्या तळाशी जपलेला असेल, तर गटाच्या बैठकीला घेऊन या. घरातल्या म्हाताऱ्या बाईला त्याबद्दल विचारा आणि ती सांगेल ते लिहून ठेवा. तिचं नावही लिहा.